बॉनेटखालचा खरा रंग कोणता?

बॉडी चकाचक, सीट नव्याकोऱ्या, क्रोम तर आरशासारखा... पण इंजिनाचा रंग चुकला की जाणकार बॉनेट उघडताच गालातल्या गालात हसतो!

क्लासिक कार म्हटलं की आपली नजर जाते ती बॉडीवर. पण अमेरिकन क्लासिक्सच्या दुनियेत खरी परीक्षा सुरू होते बॉनेट उघडल्यावर. तिथे कंपन्या इंजिनाला आपापला खास रंग द्यायच्या. साठच्या दशकातलं शेवरले व्ही-एट म्हणजे केशरी, हे तर शौकिनांना तोंडपाठ! गंमत म्हणजे, हे रंग कायमचे नव्हते. १९७७ मध्ये शेवरलेचा केशरी गेला आणि निळा आला.

फोर्ड मस्टँगच घ्या ना. १९६५ मॉडेलच्या साध्या २८९ व्ही-एटचा ब्लॉक काळा, टॅपेट कव्हर आणि एअर क्लीनर सोनेरी. १९६६ मॉडेलला मात्र सगळं निळं! आता खरा घोळ बघा. १९६६ च्या मॉडेलचं उत्पादन सुरू झालं ऑगस्ट १९६५ मध्येच. म्हणजे इंजिनावर ६५ ची तारीख असली, तरी ते निळं असू शकतं.

आधी तारीख वाचा

फोर्डच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठवलेली असते. ‘५सी१२’ म्हणजे १९६५, सी म्हणजे तिसरा महिना मार्च, आणि १२ तारीख. ती गाडीच्या तारखेशी जुळत नसेल, तर इंजिन मधल्या काळात बदललेलं असण्याची शक्यता मोठी. मग त्याचा रंग पुरावा म्हणून काय कामाचा?

धुण्याआधी बघा!

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते उत्साहाच्या भरात. इंजिन उतरवलं, थेट सँडब्लास्टिंगला पाठवलं आणि मूळ रंगाचा शेवटचा पुरावा धुळीत गेला. तो परत मिळत नाही, बॉस! त्याआधी एवढं करा :

- वॉटर पंपाच्या मागे, ब्रॅकेट आणि इंजिन माउंटिंगच्या खाली बघा. ऊन, ऑइल आणि हात न पोहोचलेला रंग तिथेच टिकतो.

- बारीक वॉटर पेपरने छोटासा गोल हळूहळू घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतील. प्रायमर सोडला तर धातूला लागून असलेला थर सर्वात जुना.

- जुन्या फोटोंवर डोळे झाकून विश्वास नको. प्रिंटमधले रंग वर्षानुवर्षं उडतात, कधी सगळाच फोटो तांबूस होतो.

- डब्यावरच्या नावावर जाऊ नका. ‘फोर्ड ब्लू’ फिका मिळतो, तसाच गडदही. पत्र्यावर नमुना मारा, वाळू द्या आणि दिवसाच्या उजेडात ताडून बघा. रंग मोजणारं स्पेक्ट्रोफोटोमीटर कुठे मिळालं, तर फारच छान.

आणि हो, रंग इंजिनसाठीच बनवलेला हवा. असे अनेक रंग साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत टिकतात. बॉडीचा साधा रंग तिथे तग धरत नाही.

जास्त सुंदर? मार्क कमी!

अमेरिकेत १९७४ पासून ‘नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी’ आहे. तिच्या परीक्षकांची कसोटी सोपी : गाडी कारखान्यातून निघाली तशी हवी, त्याहून देखणी नको! कारखान्यात जोडलेल्या इंजिनावर भराभर फवारा मारला जाई. रंग शेजारच्या भागांवरही उडायचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेला रंग तर गाडी पळायला लागली की जळून जायचा. आज आरशासारखं गुळगुळीत इंजिन नेलंत, तर उलट मार्क कापले जातात.

पटतंय ना? गुळगुळीत इंजिन आज कुणीही करून देईल. पण त्या गाडीवर, त्या वर्षी, कारखान्यातल्या माणसाने नेमका कोणता रंग मारला, हे फक्त ते जुनं इंजिनच सांगू शकतं. म्हणून काम सुरू करण्याआधी फोटो काढा, आणि ब्रॅकेटखालचा रुपयाएवढा तुकडा न घासता तसाच ठेवा. पुढच्या मालकाला तो शेड कार्डापेक्षा जास्त उपयोगी पडेल!