डोंगरावर जाताना पाण्याची पिशवी कोणती घ्यावी?

पाणी म्हणजे जीवन. आपल्या पारनेर तालुक्यात पाऊस कमी पडतो. उन्हाळ्यात ओढे आटतात. म्हणून डोंगरावर जाताना पाणी घरूनच न्यावे लागते. पण कशात न्यायचे? तांब्या सांडतो. कळशी जड. कॅन हलका, पण रिकामा झाला तरी तेवढीच जागा अडवतो. पिशवीचं तसं नाही. पाणी संपलं की घडी करून दप्तरात ठेवता येते.

पूर्वी कातड्याची पखाल असायची. ती रेड्याच्या पाठीवर टाकून पाणी आणत. ‘आजार रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला’ ही म्हण त्यावरूनच आहे. जाड कापडाची असते ती छागल. माझे आजोबा मेंढरांमागं जाताना खांद्याला छागल अडकवायचे. तिच्यातलं पाणी लई गार राहतं. गुरुजींनी त्याचे कारण सांगितले. कापडातून थोडे पाणी पाझरते. वाऱ्याने त्याची वाफ होते. वाफ होताना आतल्या पाण्यातली उष्णता निघून जाते. माठाचेही असेच आहे. नवी छागल आधी रात्रभर भिजवावी. म्हणजे धागे फुगतात व गळती कमी होते.

आता दुकानात प्लॅस्टिकची घडीची पिशवी मिळते. ती पाझरत नाही, म्हणून पाणी कमी होत नाही. पण उन्हात पाणी तापतं. आणि बाभळीचा काटा घुसला की संपलंच!

टाकळी ढोकेश्वरची लेणी पाहून संध्याकाळी घरी यायचे असेल तर छागल बरी. आपल्या जिल्ह्यातले कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच आहे. तिथे जायचे तर न पाझरणारी पिशवी घ्यावी.

पिशवी घेताना हे पाहावे :
१) तोंड रुंद असावे. आत हात घालून धुता येते.
२) झाकण दोरीने बांधलेले असावे. नाहीतर ते दरीत पडते.
३) पट्टा रुंद असावा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. ५ लिटरची एक पिशवी पोरांना झेपत नाही. लहान २ बऱ्या. एक फुटली तरी दुसरी राहते.
४) प्लॅस्टिकची पिशवी आदल्या रात्री भरून खुंटीला टांगावी. सकाळी खाली ओल दिसली तर ती नेऊ नये.

घरी आल्यावर पिशवी उलटी टांगून वाळवावी, नाहीतर वास येतो.

मित्रांनो, डोंगर उतरतानाही तहान लागते. म्हणून चढतानाच सगळं पाणी पिऊन टाकू नका. निम्मं राखून ठेवा.

– इयत्ता ४ थी