टक्के किती, आणि कितीपैकी?

इगतपुरी तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो भाताच्या खाचरांत मुरतो. कापणी-झोडणी उरकली की हे पीक घोटीकडे निघतं. मुंबई-आग्रा महामार्गालगतची ही बाजारपेठ भाताच्या गिरण्यांसाठी ओळखली जाते. शंभर किलो भातातून साधारण वीस किलो तूस आणि आठ-दहा किलो कोंडा वेगळा होतो. बाकी राहतो तो तांदूळ, आणि त्यात किती दाणा अखंड व किती तुकडा, यावर त्याचा भाव ठरतो.

दाणा तुटायची कारणं अनेक. कापणीला उशीर झाला, वाळलेलं भात पुन्हा भिजलं किंवा कडक उन्हात घाईने वाळवलं, तर दाण्याला आतून बारीक चिरा जातात आणि गिरणीत तो मोडतो. साधारण १४ टक्के ओलावा भरडाईला चांगला मानतात. तूस काढणाऱ्या शेलरचे रबरी रोल झिजले किंवा कोंडा काढणाऱ्या पॉलिशरचा दाब वाढला, तरीही तुकडा वाढतो. म्हणून गिरणीत रोज तपासणी हवी. खरा प्रश्न मात्र तपासणीनंतर उभा राहतो : आज वाढलेला तुकडा हा नेहमीचा चढउतार आहे, की कुठेतरी बिघाड झाला आहे?

याच प्रश्नाला अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये उत्तर दिलं. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांसाठी त्यांनी नियंत्रण आलेख मांडला. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असतोच, पण तो एका पट्ट्यात राहतो. पट्ट्याबाहेर गेलेला बिंदू सांगतो की आज काहीतरी वेगळं घडलं आहे, शोधा. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात आले आणि इथल्या उद्योगांत या पद्धतीचा प्रसार सुरू झाला.

आता एक उदाहरण घेऊ. यातले आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. गिरणीतल्या प्रत्येक कट्ट्यातून नमुना काढायचा आणि तुकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर कट्टा नापास धरायचा. मागच्या काही आठवड्यांचा हिशेब सांगतो की एकूण कट्ट्यांपैकी ५ टक्के नापास होतात. सोमवारी १०० कट्टे भरले, १० नापास झाले, म्हणजे १० टक्के. मंगळवारी ४०० भरले, ३६ नापास झाले, म्हणजे ९ टक्के. मालक कुणाला बोलावून जाब विचारेल? बहुधा सोमवारच्या पाळीला. आणि तिथेच चूक होईल.

नाणं दहा वेळा उडवून सात वेळा छापा आला, तर कुणी भुवया उंचावत नाही. हजार वेळा उडवून सातशे छापे आले, तर नाण्यातच खोट आहे. संख्या लहान असते तेव्हा टक्केवारी खूप हेलकावते, संख्या वाढते तशी ती स्थिरावते. म्हणून रोजचे कट्टे कमीजास्त असतील, तर पट्टाही रोज वेगळ्या रुंदीचा हवा.

ही रुंदी काढणं अवघड नाही. सरासरी प्रमाण ०.०५. त्याला १ मधून ते वजा करून आलेल्या ०.९५ ने गुणा, त्या दिवसाच्या कट्ट्यांच्या संख्येने भागा आणि वर्गमूळ काढा. आलेल्या संख्येची तिप्पट सरासरीत मिळवली की वरची रेषा मिळते, वजा केली की खालची. उत्तर ऋण आलं तर खालची रेषा शून्यावर. शंभर कट्ट्यांच्या सोमवारी वरची रेषा ११.५ टक्क्यांवर येते, म्हणजे १० टक्के पट्ट्याच्या आत आहेत. चारशे कट्ट्यांच्या मंगळवारी ती ८.३ टक्क्यांवर येते आणि ९ टक्के बाहेर पडतात. रोल आणि ओलावा तपासायचा तो मंगळवारचा.

अशा आलेखाला पी-चार्ट म्हणतात. संख्या बदलत असल्यामुळे त्याच्या सीमारेषा पायऱ्यांसारख्या वरखाली होतात. रोजच्या संख्येत फार फरक नसेल, सरासरीच्या साधारण पाव हिश्श्याइतकाच असेल, तर सरासरी संख्या धरून एकच सरळ पट्टा आखला तरी भागतं. मात्र बिंदू रेषेजवळ आला की त्या दिवसाचा खरा हिशेब करावा.

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, सरासरी काढताना रोजच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नये. सगळे नापास कट्टे एकत्र करून सगळ्या कट्ट्यांनी भागावं, नाहीतर वीस कट्ट्यांच्या दिवसाला चारशेच्या दिवसाइतकंच वजन मिळतं. दुसरी, या रेषा गिरणीच्या स्वतःच्या नोंदींतून येतात, गिऱ्हाइकाच्या अपेक्षेतून नाही. गिऱ्हाइकाला २ टक्केच नापास चालत असतील आणि गिरणी ५ टक्क्यांवर स्थिर असेल, तर एकट्यादुकट्या दिवसाला दोष देऊन काही होणार नाही, वाळवणीपासून सगळी पद्धतच बदलावी लागेल. तिसरी, वीस-पंचवीस कट्ट्यांच्या दिवसाला फार अर्थ लावू नये. असे दोन-तीन दिवस एकत्र करून एकच बिंदू मांडणं बरं.

हे सगळं करायला एक वही, आलेखाचा कागद आणि वर्गमूळ काढणारा मोबाइल पुरतो. त्यातून मिळणारा फायदा दुहेरी आहे. खरा बिघाड लवकर हाती लागतो, आणि निव्वळ योगायोगाच्या दिवशी चालू यंत्राची उगाच खोलाखोल होत नाही. त्याहून मोलाचं म्हणजे, ज्या दिवसाचा दोष कामगाराचा नव्हता त्या दिवसासाठी त्याला बोलणी खावी लागत नाहीत. वाडीवरच्या आठ मुलांच्या शाळेचा निकाल असो की छोट्या आरोग्य केंद्राचे आकडे, तिथेही टक्केवारीवरून माणसांना बरंवाईट ठरवण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा : कितीपैकी?