धावपटूंची हाडे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लांब पल्ल्याच्या धावण्यात पायावर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. एवढ्या भाराने हाडे आपोआप मजबूत होतात, हा धावपटूंमधला सर्वांत रुजलेला समज अर्धाच खरा आहे. तोच भार त्याच दिशेने हजारो वेळा पडला की हाडातील पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा होतात. उड्या आणि झटकन दिशा बदलणे हाडाला अधिक मानवते. खो-खो, फुटबॉल, बास्केटबॉल यांत ते आपसूक घडते, म्हणून शाळकरी वयात नुसतेच अंतर वाढवत नेणे हाडांच्या फायद्याचे नाही.

हाडांची काळजी साठीनंतर करायची, हाही असाच एक समज. प्रत्यक्षात हाडांची जवळपास ९० टक्के घडण विसाव्या वर्षापर्यंत उरकते, आणि उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांतच तिचा सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. तेव्हा राहिलेली तूट पुढे पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

सर्वांत घातक समज मात्र पाळीचा आहे. कसून सराव करणाऱ्या मुलीची पाळी थांबणारच, असे अनेक प्रशिक्षक आणि पालकही धरून चालतात. पाळी थांबण्यामागे बहुधा नुसता सराव नसतो, सरावाच्या मानाने अपुरे पडलेले अन्न असते. व्यायामात खर्च होऊन उरणारी ऊर्जा चरबी वगळता शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरीच्या आसपास किंवा त्याखाली गेली की मेंदू प्रजननसंस्थेचे संदेश मंदावतो. इस्ट्रोजेन घटते, आणि हाडाची झीज भरपाईपेक्षा वेगाने होऊ लागते. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न येणे किंवा आलेली पाळी तीन महिने चुकणे, या दोन्ही वेळी तपासणी हवी. गर्भनिरोधक गोळ्यांनी येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो, हाड सुधारत नाही. अमेरिकेची मेरी केन २०१३ साली, १७ व्या वर्षी, जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली. पुढे वजन उतरवण्याच्या दबावाखाली तीन वर्षे पाळी बंद राहिली आणि पाच हाडे मोडली, असे तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले.

हा प्रश्न फक्त मुलींचा नाही. १९९२ मध्ये त्याची मांडणी महिला खेळाडूंपुरती झाली होती. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ती पुरुषांपर्यंत वाढवली. उपाशी शरीरात टेस्टोस्टेरॉनही घटते. वजन स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे, कारण अन्न कमी पडले की शरीर आपला खर्च आवरते आणि काटा जागचा हलत नाही.

हाडांसाठी दूध आणि नाचणी उत्तमच. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण एकूण जेवणच तोकडे असेल तर कॅल्शियमची गोळी ती उणीव भरत नाही.

शेवटचा गैरसमज एक्स-रेचा : त्यात काही दिसले नाही म्हणजे हाड ठीक आहे. ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसत नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. नडगीवर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखणे, आधी धावताना आणि मग विश्रांतीतही दुखणे, ही तिची लक्षणे. जांघेत खोलवर दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. अशा वेळी धावणे लगेच थांबवून, त्या पायावर भार न देता डॉक्टरांकडे जावे लागते; चीर सरकली तर शस्त्रक्रिया अटळ ठरते.