पानाच्या तळाशी ठेवलेलं महाभारत

व्यासांनी सांगावं आणि गणपतीने न थांबता लिहून घ्यावं, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने छापलेल्या आदिपर्वात ती मूळ संहितेत नाही. ती आहे खंडाच्या शेवटी, परिशिष्टात, पहिल्याच क्रमांकावर.

 संस्थेची ओळख थोडक्यात देता येते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, संस्था सुरू झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजात असलेल्या पोथ्याही पुढच्या वर्षी तिच्या हवाली केल्या. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी सचित्र महाभारतासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. संस्थेचा इतिहास एवढा सांगून मी ते परिशिष्ट कसं घडलं त्याकडे वळतो, कारण या संस्थेचं मोठेपण मला तिथे दिसलं.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, हवी, ही मागणी विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली होती. युरोपात थोडी तयारीही झाली, पण पहिल्या महायुद्धात ती बारगळली. पुण्यात नारायण बापूजी उटगीकरांनी १९२३ साली विराटपर्वाचा कच्चा नमुना छापून विद्वानांची मतं मागवली. १९२५ साली विष्णू सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि कामाला घडी बसली. सुखटणकर केंब्रिजला गणित शिकले होते. पुढे बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्याकडे त्यांनी संस्कृतचा आणि पाठचिकित्सेचा अभ्यास केला. त्यांचं काम पाहताना हा गणिताचा संस्कार सारखा जाणवतो.

पोथ्या ताडून पाहण्यासाठी संस्थेने खास तक्ते छापून घेतले होते. उभ्याआडव्या रेघांनी आखलेला मोठा कागद, एका श्लोकाला एक. सगळ्यात वर प्रचलित छापील पाठ लिहायचा, एका चौकटीत एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. शास्त्र्याने पोथी वाचत जायची आणि अक्षर जिथे वेगळं निघेल तिथे, त्याच अक्षराच्या खालच्या चौकटीत, ते नोंदवायचं. एखाद्या पोथीत जास्तीच्या ओळी निघाल्या तर त्या कडेच्या मोकळ्या जागेत लिहायच्या. मजकूर फारच लांब असेल तर वेगळ्या कागदावर उतरवून ते शोधपत्र तक्त्याला जोडायचं. आदिपर्वाच्या कुठल्याही भागासाठी निदान दहा पोथ्या तपासल्या गेल्या, पहिल्या दोन अध्यायांसाठी साठ. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या जाणणारी माणसं त्यासाठी लागली. सगळ्या पोथ्या पुण्यात आणणं शक्य नव्हतं, म्हणून शांतिनिकेतन आणि तंजावर इथेही हे काम चाललं. सुखटणकरांचं नाव निदान अभ्यासकांना माहीत आहे. वर्षानुवर्षं चौकटी भरणाऱ्या शास्त्र्यांची आठवण कुणी काढत नाही, आणि मला मात्र सगळी इमारत त्यांच्यावर उभी दिसते.

एवढे तक्ते भरल्यावरही उत्तर आपोआप मिळत नव्हतं. एका पोथीवरून दुसरी उतरली, दुसरीवरून तिसरी, असा सरळ वंश लावता आला असता तर प्रश्न सोपा होता. पण लेखनिक दुसरी पोथी शेजारी ठेवून तिच्यातलं चांगलं वाटेल ते आपल्या पोथीत घालत. जास्त मजकुराची पोथी जास्त पुण्याची, त्यामुळे भर पडत गेली, गळती क्वचितच झाली. ही रीत थेट आपल्या ओळखीच्या माणसापर्यंत येते. गोदावरीकाठच्या कोपरगावचं घराणं असलेले नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीला राहिले. महाभारतावर टीका लिहिण्याआधी त्यांनी ठिकठिकाणच्या पोथ्या मिळवल्या आणि त्यांतून आपला पाठ सिद्ध केला. पुढे छापखाने आले तेव्हा नीलकंठांचा पाठ घरोघर गेला. आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचलेलं महाभारत बहुतेक तेच.

सुखटणकर उलट वाटेने गेले. काश्मीरची शारदा परंपरा सर्वांत आटोपशीर आहे, हे तक्त्यांवरून दिसत होतं. ब्यूलर यांनी काश्मिरातून मिळवलेली भूर्जपत्रावरची, काही भाग गहाळ झालेली शारदा पोथी संस्थेतच होती. काश्मीर आणि केरळ ही दोन टोकं. मधल्या प्रदेशात काहीही झालेलं असो, या दोन टोकांच्या पोथ्या एकच शब्द देत असतील तर तो शब्द जुना, हा त्यांचा मोठा आधार. व्यासांचं मूळ आपल्याला सापडलं, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. हाती असलेल्या पोथ्या जितकं मागे नेतील तितकंच मागे जायचं, ही मर्यादा त्यांनी १९३३ च्या प्रस्तावनेत घालून घेतली आणि पाळली.

आता छापलेलं पान पाहा. वरच्या भागात निश्चित केलेले श्लोक. जिथे संपादकाची खात्री कमी, त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. त्याखाली बारीक टाइपात पाठभेद: कोणत्या पोथीत काय आहे, कुठे एक ओळ जास्त आहे, कुठे चार. काही पानांवर वर तीन-चारच श्लोक असतात आणि बाकी सगळं पान तळटीपांनी भरलेलं असतं. तिथे न मावणारे लांब उतारे परिशिष्टात. बाजूला काढलेला मजकूर टाकून दिलेला नाही. संपादकाने कशावरून काय ठरवलं ते वाचकासमोर आहे, आणि वाचकाला उद्या वेगळं ठरवायचं असेल तर लागणारा पुरावा त्याच पानावर आहे. विद्वत्तेतला इतका प्रामाणिकपणा मी दुसरीकडे फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

या तळटीपांमधून इतिहास वाचता येतो. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलेल्या सभापर्वात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक खाली गेले आहेत. म्हणजे ते निरुपयोगी झाले असं नाही. कृष्णभक्ती वाढत गेली तसं त्या भरसभेत देवाचं नाव ऐकू यावं असं पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रोत्यांना वाटलं, याचा तो पुरावा आहे. राजकीय विचारांचंही तसंच. बेलवलकरांनी संपादलेल्या शांतिपर्वात राजा कसा आला याच्या दोन कथा आहेत. एकीत लोक मासे माशांना खातात तसे एकमेकांना खाऊ लागले, म्हणून त्यांनी मनूशी ठराव केला: पशू आणि सोन्याचा पन्नासावा भाग, धान्याचा दहावा. दुसरीत वेन राजा उन्मत्त झाला म्हणून ऋषींनी त्याला मंतरलेल्या दर्भांनी मारलं आणि मग पृथू आला. दोन्ही कथा वरच्या, निश्चित पाठातच आहेत. त्या जुन्या ग्रंथालाही राजसत्तेबद्दल एकच मत मान्य नव्हतं. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा राजधर्मावरचा खंडही याच संस्थेने छापला. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

२१ जानेवारी १९४३ रोजी सुखटणकर गेले. महाभारताच्या अर्थावर मुंबईत त्यांची चार व्याख्यानं ठरली होती. चौथं व्हायचं राहिलं. पुढे बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा घेतली. १२५९ पोथ्या तपासून एकोणीस खंड पुरे झाले आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पूर्तता जाहीर केली. पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं, याच आवृत्तीच्या आधाराने.

काळजी वाटते ती यापुढची. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेत घुसून कपाटं फोडली, ग्रंथ आणि पोथ्यांची नासधूस केली. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचा राग त्यामागे होता. त्या पुस्तकातला मजकूर चीड आणणारा होता, हे मान्य केलं तरी त्याची शिक्षा पोथ्यांना का, याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. पुस्तकाला उत्तर देण्यासाठी लागणारी साधनंही त्याच कपाटांत असतात.

दुसरा धोका आवाज न करता येतो. आज वादात ‘भांडारकर प्रतीत हे नाही’ एवढं म्हणून माणसं समोरच्याला गप्प करतात. सुखटणकरांनी कौल दिला तो पाठाच्या जुनेपणाबद्दल, खऱ्याखोट्याबद्दल नव्हे. क्योटोचे तोकुनागा यांनी संहिता संगणकावर चढवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून शुद्ध केली. हा फार मोठा उपकार आहे, आणि जगभर ती वापरली जाते. पण मोबाइलवर श्लोक शोधणाऱ्याला दिसतो तो वरचा भाग. पोथीपोथीचे पाठभेद पाहायचे तर अजूनही छापील खंड उघडावा लागतो.

ते पाठभेद उद्या कुणी पुन्हा पोथ्यांशी ताडायचं म्हटलं, तर शारदा, ग्रंथ, नेवारी वाचणारी माणसं लागतील. अशी लिपी हातात बसायला वर्षं जातात आणि शिकणाऱ्याला पुढे नोकरीची हमी नाही. सुखटणकरांकडे पगारी शास्त्री होते, रोज येणारे, तेच काम करणारे. पोथ्यांची छायाचित्रं काढायला पैसा मिळतो, कारण त्याचा आकडा अहवालात दाखवता येतो. त्या छायाचित्रांपुढे बसून अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या चार तरुणांना दहा वर्षं पगार द्यायला कोण तयार आहे, हे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना आणि देणगीदारांना विचारायला हवं.