पालकाची सही

अनाथ मुलांना एक टक्का आरक्षण मिळून बरीच वर्षं झाली. ती मुलं कॉलेजात कशी टिकतात ते पाहून या, असं संपादक म्हणाले. ऐन प्रवेशाच्या हंगामात मी पुण्याच्या पेठेतलं दोन खोल्यांचं एक कार्यालय गाठलं. बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलामुलींना पदवी हातात पडेपर्यंत साथ द्यायची, एवढंच इथलं काम. ते पाहणाऱ्या कार्यकर्तीला मुलं नुसतं ‘ताई’ म्हणतात. त्या स्वतः बालगृहातच वाढल्या. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून मीही त्यांना ताईच म्हणते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. अनुरक्षणाचा हा आधार २१ व्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत.

महाराष्ट्रातलं आरक्षण आलं ते एका मुलीच्या जिद्दीमुळे. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढली. अठराव्या वर्षी पुण्यात आली तेव्हा पहिली रात्र तिनं रेल्वे स्टेशनवर काढली. पडेल ते काम करत ती शिकली आणि एमपीएससीच्या परीक्षेला बसली. नॉन-क्रिमीलेअर गटात बसण्याइतके गुण तिला मिळाले, पण तो दाखला तिच्याकडे नव्हता. दाखल्यासाठी आईवडिलांचं उत्पन्न दाखवावं लागतं. ती कुठून दाखवणार? तिनं मुख्यमंत्र्यांपर्यंत आपलं म्हणणं नेलं. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळानं शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण मान्य केलं आणि एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला. २०२३ च्या शासन निर्णयानं संस्थेत वाढलेली आणि संस्थेबाहेर वाढलेली असे दोन गट केले. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत या दोन्ही गटांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कही माफ झालं.

जागा आहे, फी माफ आहे. तरी ताईंच्या दारात सकाळपासून मुलं का बसलेली असतात, ते त्यांच्या शेजारी बसून प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरला जाताना पाहिल्यावर कळलं.

वडिलांचं नाव. आईचं नाव. पालकाचा व्यवसाय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. पालकाचा मोबाईल नंबर. प्रत्येक रकान्यापुढे लाल तारा, आणि ताऱ्याचा रकाना रिकामा सोडला की अर्ज पुढे सरकत नाही. समोरच्या मुलाकडे प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते: बालकल्याण समितीचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, अनाथ प्रमाणपत्र. शाळेच्या दाखल्यावर संस्थेनं लावलेलं आडनाव होतं, आधारवर ते नव्हतं. जन्मतारीख अंदाजानं लिहिलेली. ताईंनी कागद ओळीनं मांडले आणि कुठला कुठल्याशी जुळत नाही याची पेन्सिलीनं यादी केली. नावाच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र, तोवर कॉलेजच्या प्राचार्यांना एक पत्र. तेवढ्यात ओटीपी अडला. शिष्यवृत्तीच्या खात्याला जोडलेला नंबर बालगृहाच्या जुन्या अधीक्षकांचा निघाला, आणि त्यांची बदली होऊन बराच काळ लोटला होता. ताईंनी त्यांचा शोध घेतला, फोन लावला, “सर, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा,” म्हणाल्या. सरांनी सांगितले. मुलाचा अर्ज पुढे गेला.

मला खिळवून ठेवलं ते पुढच्या पानानं. वसतिगृहाच्या अर्जावर स्थानिक पालकाचं नाव, पत्ता आणि सही लागते. ताईंनी काही न विचारता तिथं स्वतःचं नाव घातलं. त्या अशा कित्येक मुलांच्या स्थानिक पालक आहेत. ही सही काय काय मागते ते त्यांनी सांगितलं. मुलाला डेंग्यू झाला तर रेक्टरचा फोन ताईंना. हजेरी कमी पडली तर प्राध्यापकांची चिठ्ठी ताईंना. पालकसभेला त्या जातात आणि मागच्या बाकावर न बसता पुढे बसतात. “बाकीच्या मुलांना कोणीतरी विचारायला आहे हे मास्तरांना माहीत असतं. आमच्याही मुलांना आहे, हे दिसायला हवं,” त्या म्हणाल्या.

असं कोणीतरी अठरानंतरही राहिलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचं. शंकरबाबा पापळकरांनी तिथं बेवारस, दिव्यांग मुलं सांभाळली, त्यांना आपलं आडनाव दिलं आणि अठरा वर्षं झाली म्हणून त्यांना बाहेर काढू नये यासाठी सरकारशी सतत भांडण मांडलं. जळगाव रेल्वे स्टेशनवर टाकून दिलेली, दृष्टिहीन माला त्यांच्याकडे वाढली, अमरावतीत कॉलेज शिकली आणि २०२४ मध्ये एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली.

एक माणूस असा आयुष्यभर उभा राहतो ही थोर गोष्ट आहे. पण प्रत्येक मुलाला शंकरबाबा मिळणार नाहीत, म्हणून व्यवस्थेनंच थोडं पालकपण घ्यायला हवं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या शिक्षण-साहाय्याच्या अर्जात याची सोय आहे. वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीही तुमचे दोन्ही पालक हयात नव्हते किंवा तुम्ही फॉस्टर केअरमध्ये होता असं सांगितलं, की आईवडिलांच्या उत्पन्नाची माहिती मागत नाहीत. एकट्या, बेघर मुलाची परिस्थिती शाळेच्या किंवा निवाऱ्याच्या अधिकाऱ्यानं प्रमाणित केली तरी ती ग्राह्य धरतात. कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या राज्य विद्यापीठानं १९९८ मध्ये फॉस्टर केअरमधून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘गार्डियन स्कॉलर्स’ हा उपक्रम सुरू केला आणि पुढे इतर कॉलेजांनीही तसे उपक्रम काढले.

आपल्याकडची पहिली अडचण प्रमाणपत्राचीच. ज्याचे आईवडील गेल्याची नोंद आहे त्याचं एक वेळ निभतं. ज्याला टाकून दिलं त्यानं काय सिद्ध करायचं? टाकून दिलेलं मूल अनाथ नव्हे, असा युक्तिवाद सरकारच्या वतीनं मुंबई उच्च न्यायालयात झाला होता. २०२३ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. तरीही आई कुठंतरी असल्याचं जुन्या फाइलीत लिहिलेलं असलं, तर मुलाला त्या आईच्या नावानं हेलपाटे घालावे लागतात, असा ताईंचा अनुभव आहे.

दुसरी अडचण वयाची. बारावीच्या वर्षातच अनेकांना अठरा पूर्ण होतात. ज्या महिन्यांत बाकीची मुलं सीईटीचा अभ्यास करतात, त्याच महिन्यांत ही मुलं राहायची जागा शोधतात. अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी बाहेर पडतो, म्हणजे एकविसाव्या वर्षी आधार थांबला तर नेमकं शेवटचं वर्ष उघड्यावर पडतं. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. तिथं तेविसाची वाढीव मर्यादाही अपुरी पडते. आणि महिना ४,००० रुपयांत पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भागत नाही, हे इथं शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

तिसरी अडचण मला ताईंनी सांगेपर्यंत सुचलीही नव्हती: दिवाळी. वसतिगृह रिकामं करायला सांगतात, मेस बंद होते, सगळे गावी जातात. या मुलांना गाव नाही. कोणी मित्राकडे जातं, कोणी केटरिंगच्या कामावर रात्री काढतं, मुलींची काळजी तर वेगळीच. सुट्टीनंतर कॉलेजात न परतलेल्यांची नावं ताईंना तोंडपाठ आहेत. ती सांगताना त्या कुणालाही दोष देत नव्हत्या, पण त्यांचा संताप लपत नव्हता, आणि तो मला रास्त वाटला. फी माफ करून, जागा राखून सरकारनं ज्या मुलाला वर्गापर्यंत आणलं, ते तीन आठवड्यांच्या बंद मेसमुळे गळावं, ही आपल्या सगळ्यांची हार आहे.

यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं आहे. अनुरक्षण वयाऐवजी अभ्यासक्रम संपण्याशी जोडायचं तर नियम बदलावे लागतील. त्यासाठी मंत्रालयात पाठपुरावा करावाच लागेल. पण सुट्टीत वसतिगृहाच्या चार खोल्या उघड्या ठेवणं, मेसवाल्याशी तेवढ्या ताटांचं बोलून ठेवणं आणि या मुलांसाठी एका प्राध्यापकाचं नाव ठरवून त्याचा नंबर पालकाच्या रकान्यात लिहू देणं, हे कॉलेजला स्वतःच्या अधिकारात करता येतं. ज्या प्राचार्यांच्या कॉलेजात अनाथ प्रमाणपत्रावर प्रवेश झाले आहेत, त्यांच्याकडे अशा मुलांची यादी आहेच. त्यांनी ती येत्या दिवाळीआधी एकदा काढून वाचावी.