क्लास म्हणजे फक्त आरंभीची शिल्लक

रोल प्लेइंग गेम नवा सुरू केला की लढाई लगेच लागत नाही. आधी एक पडदा येतो. त्यावर पात्रं ओळीनं उभी असतात. कुणाकडे ढाल-तलवार, कुणाकडे जादूची काठी, तर कुणी जवळपास उघडाच, हातात नुसता सोटा घेतलेला. यातलं तुम्ही कोण, ते गेम विचारतो. माझा भाचा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतो. बारावी झालाय, हात चपळ आहे, पण या पडद्यावर त्याची अख्खी संध्याकाळ जाते. शेवटी मला फोन येतो, "मावशी, सामुराई घेऊ की अॅस्ट्रॉलॉजर?"

मला विचारण्यात तो चुकत नाही. मी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघते आणि राहते बदलापूरला. ऑफिस एका स्टेशनावर. नवरा सकाळी सीएसएमटी लोकलमध्ये शिरतो आणि रोज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करतो. त्याचा जो वेळ गाडीत जातो, तो माझ्याकडे उरतो. स्वयंपाक आवरला की मी कॉम्प्युटरसमोर बसते. दिवसभर जमा-खर्च जुळवून झाल्यावर रात्री पुन्हा आकडेच कसे आवडतात, असं घरातले विचारतात. माझं म्हणणं असं की हे गेम तलवारीचे वाटतात, पण आत सगळं खातंवहीचं काम आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लास म्हणजे पात्राचा पेशा: योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. बिल्ड म्हणजे पुढे मिळणारे पॉइंट तुम्ही कुठे घालता आणि त्यातून कसलं पात्र उभं राहतं, ते. क्लास पहिल्या मिनिटाला ठरतो, बिल्ड शंभर तास ठरतच असते. भाच्याच्या वयाची मुलं पहिल्याची चिंता करतात आणि दुसरी वाऱ्यावर सोडतात.

पेशांची ही कल्पना कॉम्प्युटरच्या आधीची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा गेम काढला. त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि पुजारी. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. ताकद, बुद्धी, चपळाई अशा सहा गुणांसाठी फासे टाकायचे आणि पडतील ते आकडे स्वीकारायचे. त्या खेळात क्लास म्हणजे जवळजवळ नशीब होतं. कॉम्प्युटरवर हेच साचे आले. १९९६ च्या अखेरीस आलेल्या 'डायब्लो'मध्येही निवड तिघांतूनच होती: वॉरियर, रोग आणि सॉर्सरर.

२००० सालच्या 'डायब्लो टू'नं हिशेब कडक केला. क्लास पाच झाले, पुढच्या वर्षीच्या जोडगेमनं ते सात केले. दर लेव्हलला गुणांसाठी पाच पॉइंट आणि कौशल्यासाठी एक. एकदा घातलेला पॉइंट परत काढता येत नसे. नव्व्याण्णव ही लेव्हलची मर्यादा, त्यामुळे कौशल्यांचे पॉइंट मोजकेच. चार ठिकाणी पाच-पाच शिंपडले तर शेवटच्या कठीण पातळीवर पात्र लटपटत असे, आणि मग पहिल्यापासून नवं पात्र. मोफत पुनर्वाटपाची सोय कंपनीनं २०१० च्या सुधारणेत दिली, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. तेव्हाचे खेळाडू घाईनं पॉइंट घालत नसत, आधी कागदावर आराखडा काढत.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. तो ज्या गेमबद्दल विचारतो तो 'एल्डन रिंग', जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा, फेब्रुवारी २०२२ चा. त्यात सुरुवातीला दहा क्लास आहेत आणि पात्राला आठ गुण असतात. व्हिगर म्हणजे जीव, माइंड म्हणजे जादूचा साठा, एन्ड्युरन्स म्हणजे दम, शिवाय स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, इंटेलिजन्स, फेथ आणि आर्केन. मी दहाही क्लासचे आकडे एका शीटवर उतरवले आणि बेरीज केली. तेव्हा दिसलं की यात फुकट काहीच दिलेलं नाही. रेच नावाचं सोटेवालं पात्र लेव्हल एकवर सुरू होतं आणि त्याचे आठही गुण दहा-दहा, म्हणजे एकूण ऐंशी. व्हॅगाबॉन्ड लेव्हल नऊवर सुरू होतो, त्याची बेरीज अठ्ठ्याऐंशी. अॅस्ट्रॉलॉजर लेव्हल सहावर, बेरीज पंच्याऐंशी. दर लेव्हलला एक पॉइंट, म्हणून लेव्हलमध्ये एकोणऐंशी मिळवले की प्रत्येक क्लासची बेरीज येते. तात्पर्य, कुठलाच क्लास दुसऱ्यापेक्षा श्रीमंत नाही. फरक आहे तो आरंभीची शिल्लक कोणत्या खात्यावर दाखवली आहे, एवढाच.

त्यामुळे मी भाच्याला उलटं विचारते: शेवटी तुझ्या हातात कोणतं शस्त्र हवंय? तो म्हणाला, मूनव्हेल. ही जादूची जपानी तलवार. तिला बारा स्ट्रेंग्थ, अठरा डेक्स्टेरिटी आणि तेवीस इंटेलिजन्स लागतं. सामुराईकडे सुरुवातीला बारा, पंधरा आणि नऊ असतं, म्हणजे कमी पडतात सतरा. अॅस्ट्रॉलॉजरकडे आठ, बारा आणि सोळा, तिथेही कमी पडतात सतराच. पण सामुराई लेव्हल नऊवर सुरू होतो, त्याला तलवार हातात घ्यायला लेव्हल सव्वीस गाठावी लागते. अॅस्ट्रॉलॉजरला तेवीसवर जमतं. राहिलेले तीन पॉइंट त्यानं व्हिगरमध्ये टाकले, तर सव्वीसव्या लेव्हलला दोघांचा व्हिगर बारा होतो, तलवारीचे तिन्ही गुण एकसारखे होतात. उरतो फरक तो चार पॉइंटांचा. ते एकाकडे जादूच्या साठ्यात आहेत, दुसऱ्याकडे दमात. फेथ आणि आर्केनमधला एकेक पॉइंटचा फरक ही तलवार जुमानत नाही. हे सांगितल्यावर भाचा गप्प झाला. अख्खी संध्याकाळ ज्या निर्णयावर घालवली, त्याची किंमत चार पॉइंट निघाली होती.

मग काहीही घ्या, काही बिघडत नाही? तसंही नाही. क्लास पहिला आठवडा ठरवतो. सामुराईला सुरुवातीपासून चांगली तलवार, धनुष्य आणि अंगावर चिलखत मिळतं, म्हणून तो पहिल्या शत्रूंना समोरून भिडतो. अॅस्ट्रॉलॉजर चार पावलं मागे राहून काठीतून मंत्र सोडतो, शत्रू त्याच्यापाशी लवकर पोचला की हा चिरडला जातो. आणखी एक गोष्ट विसरू नका. पुढे पॉइंट मोकळे करून पुन्हा वाटता येतात, रेन्नाला नावाच्या बॉसला, म्हणजे बलाढ्य शत्रूला, हरवलं आणि लार्व्हल टिअर हे दुर्मीळ साहित्य मिळवलं की. पण क्लासचे मूळ आकडे तेव्हाही खाली उतरत नाहीत. फेथमध्ये नऊ घेऊन आलेला व्हॅगाबॉन्ड ते नऊ कायम बाळगतो, ते त्याला वापरायचे नसले तरी. म्हणून आपल्याला नको त्या खात्यात शिल्लक कमीत कमी असलेला क्लास शोधावा.

बिल्डचा एक नियम आहे आटत जाणारा परतावा. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण व्हिगर. पंचवीसवर पात्राचा जीव ८०० असतो, चाळीसवर १४५०, साठवर १९००, नव्व्याण्णववर २१००. भागाकार करून बघा. पंचवीस ते चाळीसमध्ये प्रत्येक पॉइंट सुमारे त्रेचाळीस जीव देतो, चाळीस ते साठमध्ये साडेबावीस, आणि साठच्या पुढे पाचाच्या आसपास. म्हणून चाळीसपर्यंत डोळे मिटून जा, साठपर्यंत विचार करून जा, साठनंतर थांबा. मुलं नेमकी इथे उलट करतात. नुकसानाचे आकडे वाढलेले बघायला मजा येते, म्हणून व्हिगर वीसवर ठेवून सगळं स्ट्रेंग्थमध्ये ओततात. मग बॉसच्या दोन फटक्यांत आडवे. वीस सेकंदांत मेलेल्या पात्राची ताकद किती होती, ते मोजायला कोण बसतं?

वजनाचा प्रश्न माझ्या वडिलांनी आणला. ते अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेत. एकदा मागे उभे राहून बघत होते, पडद्यावरच्या माणसाइतकीच लांब तलवार बघून म्हणाले, "हिचं वजन काय गं?" मी मेन्यू उघडून दाखवलं, ग्रेटस्वोर्ड, वजन तेवीस. "आणि हा ती घेऊन उडी मारतो?" त्यांची शंका गेमच्या निर्मात्यांनाही आली असावी. कारण पात्राला जितकं वजन उचलता येतं, त्याच्या तीस टक्क्यांच्या आत राहिलं तर ते चपळ लोळण घेतं, सत्तर टक्क्यांच्या आत मध्यम, त्यापुढे ढेपाळतं. एन्ड्युरन्स वाढवला की ही मर्यादा वाढते. या तलवारीला एकतीस स्ट्रेंग्थ लागते, पण दोन्ही हातांनी धरली की गेम स्ट्रेंग्थ दीडपट मोजतो, म्हणून एकवीसवरच काम भागतं. व्हॅगाबॉन्डकडे चौदा आहेत, त्याला सात लेव्हलांत ती पेलते. दहा पॉइंट वाचले, ते व्हिगरकडे वळवायचे. बाबांना हे दोन हातांचं फार पटलं. गेमचं बाकी काहीही त्यांना पटलेलं नाही.

आतापर्यंतची गणितं एकट्यानं खेळण्याची. चार-पाच जण मिळून खेळत असाल, तर प्रश्नच बदलतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये, म्हणजे २००४ पासून चालत आलेल्या गेममध्ये, पाच जणांच्या गटाची ठरीव रचना आहे. एक टँक फटके अंगावर झेलतो, एक हीलर जखमा भरतो, तिघं मारतात. तिथे तुमच्या आवडीच्या आधी गटाची गरज येते. पाचही जणांना तलवारीचंच वेड असेल, तर कुणीच जिवंत राहत नाही. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट थ्री'मध्ये बारा क्लास आणि चार जणांचा गट आहे. पण तिथे मुक्कामात विदर्स नावाचं पात्र असतं, शंभर सोन्याच्या नाण्यांत ते तुमचा क्लासच बदलून देतं. म्हणजे तिथली पहिली निवड अजिबात बांधून ठेवत नाही. २०११ चा 'स्कायरिम' तर क्लास विचारतच नाही. तुम्ही जे करत राहाल त्यात पारंगत व्हाल, एवढाच नियम. म्हणून लोक जादूगार व्हायला निघतात आणि अंधारात दबून बाण मारणारे तिरंदाज होऊन बसतात.

आपल्याकडेही या दिशेनं प्रयत्न झालाय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' आणला. सर्कशीत वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. तिच्या हाती त्रिशूळ आणि धनुष्य अशी देवांनी दिलेली शस्त्रं येतात. पण हा ऍक्शन गेम आहे, क्लास निवडायचा प्रश्नच नाही, तुम्ही राजीच असता. नवशिक्याला मी आधी तोच खेळायला सांगते. वाटपाची धास्ती न बाळगता कुठलं शस्त्र आपल्या हाताला बसतं, दुरून लढणं बरं वाटतं की जवळून, हे त्यातून कळतं.

तेच ओळखणं बिल्डचा खरा पाया आहे. आकडे कितीही जुळवा, स्वभावाविरुद्धची बिल्ड टिकत नाही. भाचा रात्री बारापर्यंत एकाच बॉसला झुंजतो, हरलं की लगेच दुसरा प्रयत्न करतो. त्याला चपळ तलवार शोभते. मी दिवसभर कीबोर्डवर असते, रात्री बोटं थकलेली असतात आणि मध्येच दार वाजतं. मला दुरून मंत्र मारणारी बिल्ड परवडते, जिथे आधी जागा हेरून बसता येतं आणि दर सेकंदाला लोळण घ्यावी लागत नाही. माझ्या बहिणीनं एकदा गंमत म्हणून खेळून बघितलं, तेव्हा तिनं फक्त ढाल वर धरून ठेवली आणि पुढे चालत राहिली. कुणी हसलं तरी ती आम्हा दोघांपेक्षा जास्त वेळ जगली.

म्हणून भाच्याला आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना माझा हिशेब असा. गटात खेळणार असाल, तर गटाला काय कमी आहे ते आधी विचारा. एकटे असाल, तर शेवटचं शस्त्र आधी ठरवा, त्याला लागणारे आकडे कागदावर लिहा आणि ज्या क्लासला ते सगळ्यात कमी लेव्हलला गाठता येतात, तो घ्या. ही पाच मिनिटांची निवड आहे. उरलेला वेळ जिवावर खर्च करा: व्हिगर चाळीसपर्यंत नेल्याशिवाय दुसरीकडे हात घालू नका. आणि एक गुण पूर्ण सोडून द्या. सगळ्या खात्यांत थोडं-थोडं ठेवणारा माणूस बँकेत सुरक्षित असतो, एल्डन रिंगमध्ये मात्र तो पहिल्याच मोठ्या बॉसपाशी अडकून पडतो.