डोयांगचे दहा लाख पाहुणे

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात डोयांग नदीवर 75 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. 2000 साली तो सुरू झाला आणि डोंगरांच्या बेचक्यात पाणी पसरलं. शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, या पाण्याच्या काठावर अमूर ससाणे मुक्कामाला येतात. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे चाललेले. अंदाज आहे दहा लाखांचा!

सेकंदाला एक या वेगाने, झोप आणि जेवण सोडून मोजत बसलं तरी दहा लाख व्हायला साडेअकरा दिवस लागतील. म्हणून मोजणारे विजेच्या दोन खांबांमधल्या तारेवरचे पक्षी मोजतात आणि खांबांनी गुणतात. थवा हवेत असेल, तर शंभरांचा एक तुकडा नजरेत पक्का करायचा आणि तसे किती तुकडे त्यात बसतात ते बघायचं.

एक ससाणा साधारण दीडशे ग्रॅमचा. नर पाटीसारखा करडा, पाय नारिंगी, आणि वळण घेताना पंखांची पांढरी आतली बाजू लख्खकन दिसते. पंख फुटलेली वाळवी तो पायाने पकडतो आणि उडता उडताच मान वाकवून खातो. असे दहा लाख म्हणजे दीडशे टन ससाणे झाले, आणि प्रवासापुरती चरबी त्यांना इथे मुख्यतः किड्यांवरच चढवायची असते.

आता दुसरा आकडा. तो लिहिताना हात जड होतो. 2012 च्या शरदात निसर्ग-संवर्धक बानो हरालू, रामकी श्रीनिवासन, आपले शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू यांनी डोयांगजवळच्या पांगती गावाजवळ पाहिलं, की थव्यांच्या वाटेवर मासेमारीची नायलॉनची जाळी उभी केली आहेत. त्यांचा अंदाज होता रोज 12 ते 14 हजार पक्षी त्यांत पकडले जाण्याचा. रात्र धरूनही, दर सहा-सात सेकंदांना एक ससाणा. हंगामाचा हिशेब सव्वा लाखाच्या आसपास जात होता.

पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, हा आकडा शून्यावर आला. गावकऱ्यांनीच शिकार बंद केली. रोख पैसा देणारा हंगाम एका वर्षात सोडून देणं किती अवघड असतं, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. मला या साऱ्या हिशेबात सगळ्यात थक्क करणारा आकडा तो शून्यच वाटतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. नागा 5,600 किलोमीटर न थांबता उडाला, 5 दिवस 10 तासांत. सरासरी काढली तर ताशी 43 किलोमीटर, रात्रंदिवस.

ससाण्यांची आफ्रिकेची वाट महाराष्ट्रावरून जाते. नोव्हेंबरमध्ये लोणावळ्याच्या माथ्यावर दिसणारे अमूर ससाणे त्याच वाटेचे वाटसरू. कोकण ओलांडलं की पुढे सोमालियापर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी आहे, आणि ससाण्याला बदकासारखं पाण्यावर उतरून दम खाता येत नाही. मदतीला असतो पाठीवरचा ईशान्य वारा. त्याच दिवसांत, त्याच वाऱ्यावर चतुरांचे थवेही हा समुद्र पार करतात आणि ससाणे वाटेत त्यांनाच खात असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं.